उंटिणीचं हंबरणं : घरओढीची जुनी अरबी कविता वाचायची कशी

दहाव्या शतकातला अरबी कवी मुतनब्बी याची एक ओळ आहे : 'गरीबुल् वज्हि वल् यदि वल् लिसानि.' पहिल्यांदा वाचली तेव्हा मी बेधडक अर्थ लावला, चेहऱ्याने गरीब, हाताने गरीब, जिभेने गरीब. बिचारा कफल्लक झालेला दिसतोय, असं वाटलं. अरबीत 'गरीब' म्हणजे परका. घरापासून दूर पडलेल्याला पैसे कमीच असणार, या हिशेबाने तो शब्द फारसीतून आपल्याकडे येईतो दरिद्री झाला.

ही कविता इ.स. ९६५ची. शिराझच्या अदुद अद्-दौला या सत्ताधीशाकडे जाताना इराणच्या फार्स प्रांतातल्या बव्वान खोऱ्यातून कवीची वाट गेली. खोरं इतकं देखणं की जागांमध्ये ते म्हणजे ऋतूंमधला वसंत, असं तो म्हणतो. पण त्यात चाललेला अरब तरुण चेहऱ्याने, हाताने आणि भाषेने परका. पक्ष्यांची बोली जाणणारा सुलैमानसुद्धा इथे आला असता तर दुभाषी घेऊन हिंडला असता. मग पानांतून ऊन झिरपतं, कपड्यांवर गोल कवडसे पडतात, आणि कवीला ते दीनार वाटतात, बोटांच्या टोकांतून निसटणारे दीनार. परकेपण दाखवायला याहून नेमकं काही मला सापडलेलं नाही. सगळं अंगावर पडतंय आणि हाताला काही लागत नाही.

अशा कविता वाचायच्या असतील तर अरबी यायलाच हवी असं नाही. एक बरं भाषांतर, मूळ कवितेचं कुणीतरी केलेलं पठण आणि एक वही पुरते. ज्या क्रमाने मी वाचत गेलो, आणि जिथे जिथे आपटलो, तो क्रम खाली देतोय.

पायरी १ : ओळखीच्या शब्दांची नव्याने ओळख करून घ्या

वहीच्या पहिल्या पानावर 'हनीन' हा शब्द लिहा. ओढ, आस, घरची आठवण असे सगळे अर्थ त्यात आहेत. पण कोशकार आधी सांगतात तो अर्थ उंटिणीचा : पिल्लासाठी किंवा आपल्या कुरणासाठी ती जो आवाज काढते, तो हनीन. आपल्याकडे गाय वासरासाठी हंबरते, तेच हे. भाषांतरात 'आठवण' किंवा 'विरह' दिसला तर मूळ शब्द हनीन आहे का, ते पाहा. असेल तर तिथे आवाज आहे, घशातून येणारा. उर्वा इब्न हिजाम याच्या नावावरची एक ओळ म्हणते : माझ्या उंटिणीचं प्रेम माझ्या पाठीमागे आहे, माझं प्रेम पुढे, ती आणि मी, आमच्या वाटा वेगळ्या. स्वार प्रेयसीकडे निघालाय, जनावराचं तोंड गोठ्याकडे. दोघंही हंबरतायत, विरुद्ध दिशांना.

बाकीचे शब्द आपल्या घरातलेच आहेत, आणि फसवतात तेच. शौक म्हणजे तिकडे ओढ. आपण त्याचा छंद केला. मंजिल म्हणजे प्रवासात उतरायची जागा. आपल्या 'मजल दरमजल'मध्ये ती अजून जिवंत आहे. मुकाम आणि आपला मुक्काम एकच. लबीदच्या प्रसिद्ध दीर्घकवितेच्या पहिल्याच ओळीत 'महल्लुहा फ मुकामुहा' येतं, आणि टीकाकार फोड करून सांगतात : महल्ल म्हणजे चार दिवस टेकायची जागा, मुकाम म्हणजे जिथे बराच काळ राहिलो ती. दोन्ही पुसल्या गेल्यात. भाषांतरात दोहोंसाठी 'घरं' असा एकच शब्द आला, तर कवीने मोजून सांगितलेलं नुकसान हातचं गेलं.

सगळ्यात रंजक प्रकरण 'वतन'चं. हिंदी सिनेमाने आपल्या कानात या शब्दाला झेंडा लावून दिलाय. जुन्या मराठीतलं वतन मात्र अगदी जमिनीवरचं : पाटिलकी, कुलकर्ण, वाडा, शेत, हक्क. जुन्या अरबी कवितेजवळ हाच अर्थ अधिक जातो. इब्न अर्-रूमी (८३६–८९६) हा बगदादचा कवी. त्याची ओळ अशी : 'माझं एक वतन आहे, ते विकणार नाही अशी मी शपथ घेतलीय, माझ्याखेरीज दुसरा कुणी त्याचा मालक झालेला मी कधी बघणार नाही.' पुढे ही ओळ देशप्रेमाची म्हणून गाजली. मूळ कविता म्हणजे एका बड्या अधिकाऱ्याकडे केलेली फिर्याद आहे, शेजारी घर बळकावू पाहतोय म्हणून! वतन म्हणजे राहतं घर. आणि त्या फिर्यादीतच तो पुढे म्हणतो, की माणसांना आपली वतनं प्रिय असतात ती तरुणपणी तिथे पुऱ्या केलेल्या हौसांमुळे. वतन आठवलं की तिथलं कोवळं वय आठवतं, आणि म्हणून ती माणसं हंबरतात. क्रियापद हनीनचंच. जमीनजुमल्याच्या अर्जात असं काही लिहून जाणारा माणूस मला फार आवडतो.

पायरी २ : उजाड तळावर उभे राहा, आणि वस्तू मोजा

इस्लामपूर्व काळातल्या दीर्घकवितेला कसीदा म्हणतात. तिची सुरुवात बहुतेक वेळा एका ठरावीक दृश्याने होते. कवी प्रवासात असताना एका ओसाड जागेशी थांबतो. कधीकाळी प्रियेच्या टोळीचा तळ तिथे होता. टोळ्या पाण्या-चाऱ्यामागे फिरत्या; तंबू उठले की मागे उरायच्या खुणा. या खुणांना अत्लाल म्हणतात. आधी खुणा, मग अश्रू, मग प्रवास, मग मुद्द्याचं काम, असा क्रम नवव्या शतकात इब्न कुतैबाने लिहून ठेवलाय. पण सगळ्याच कविता तो पाळत नाहीत, तेव्हा साचा घेऊन मोजमाप करत बसू नका.

इथे नवा वाचक हमखास भावना शोधायला लागतो. शोधू नका. वहीत दोन रकाने पाडा : एकात वस्तू, दुसऱ्यात ती कशासारखी दिसते ते.

जुहैरची कविता घ्या. वीस वर्षांनी तो त्या जागी आलाय आणि ओळख पटायला वेळ लागतोय. पटते कशाने? चुलीच्या तीन काळवंडलेल्या दगडांनी, आणि राहुटीत पावसाचं पाणी शिरू नये म्हणून भोवती खणलेल्या चराने. तो चर अजून ढासळलेला नाही. एवढंच. तिचे डोळे नाहीत, केस नाहीत. दगड आणि चर. चूल म्हणजे कुणीतरी इथे रांधत होतं, चर म्हणजे कुणीतरी इथे कोरडं राहायची सोय केली होती. ज्या बाईच्या नावाने कविता सुरू होते ती उम्म अव्फा ही त्याची सोडलेली बायको, असं परंपरा सांगते. हे ध्यानात ठेवून ते तीन दगड पुन्हा पाहा.

तरफाला उरलेल्या खुणा हाताच्या पाठीवरच्या विटलेल्या गोंदणासारख्या दिसतात. हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरजच नाही; आजीच्या मनगटावरचं हिरवट पडलेलं तुळशीवृंदावन आठवलं की झालं. लबीद एक पाऊल पुढे जातो : पुराच्या लोंढ्यांनी माती धुऊन नेली आणि खुणा उघड्या पडल्या, जणू फिकट झालेल्या लिखाणावरून लेखणी पुन्हा फिरली. म्हणजे पाणी पुसतंही आणि तेच पुन्हा लिहितंही.

इम्रुउल कैसच्या तळावर हरणांच्या लेंड्या पडल्यात, मिऱ्याच्या दाण्यांसारख्या. 'हब्बु फुल्फुलि.' लेंड्यांवरून नाक मुरडू नका. माणसं गेली आणि जनावरं मोकळी फिरायला लागली, हे ती एक उपमा सांगून जाते. शिवाय हा फुल्फुल म्हणजे संस्कृतातली पिप्पली, आपली पिंपळी, फारसीच्या वाटेने गेलेली. सहाव्या शतकातल्या वाळवंटात उभा राहून रडणाऱ्या कवीच्या तोंडी आपल्या मसाल्याच्या डब्यातला शब्द आहे. तिथेच थोडं पुढे तो म्हणतो, टोळी निघाली त्या सकाळी मी बाभळींपाशी इंद्रावण फोडणाऱ्या माणसासारखा उभा होतो. इंद्रावण, म्हणजे आपलं कडू वृंदावन. फोडताना डोळ्यांना धारा लागतात. आपण कांद्यावर ढकलतो, तो इंद्रावणावर ढकलतोय!

एक बारीक गोष्ट. कविता सुरू होते 'किफा'ने, 'थांबा', पण द्विवचनात : दोघांनो, थांबा. हे दोघं कोण, असा प्रश्न पडेल. बरोबरचे वाटसरू. एकट्याने रडायचं नाही, साक्षीला दोघं हवेत, हा रिवाज. मराठीत द्विवचन नाही, त्यामुळे भाषांतरात 'मित्रांनो' होतं आणि अख्खा घोळका उभा राहतो. मनातल्या मनात दोनच ठेवा.

पायरी ३ : अर्थ बाजूला ठेवून चाल धरा

मराठी गझल लिहिणारे लगावली मांडतात (ल म्हणजे लघू, गा म्हणजे गुरू), ती इथे जशीच्या तशी चालते. अरबी छंदशास्त्र आठव्या शतकात खलील इब्न अहमदने बांधलं. त्याने पंधरा वृत्तं मांडली, सोळावं मागाहून जोडलं गेलं. सगळी शिकू नका. दोन पुरे.

पहिलं तवील, म्हणजे लांब : लगागा लगागागा लगागा लगालगा. 'किफा नब् । कि मिन् जिक्रा । हबीबिन् । व मन्जिली.' हाताने ताल धरून दहादा म्हणा. 'थांबा दोघं, रडू या. प्रिय माणसाच्या आणि मुक्कामाच्या आठवणीने', हा अर्थ नंतर.

दुसरं मुतकारिब : लगागा चार वेळा. थांबा जरा. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे.' तेच! भुजंगप्रयात आणि मुतकारिब यांची मापं एकच आहेत. मनाचे श्लोक पाठ असलेल्या माणसाला हे वृत्त शिकायचं नाही, फक्त आठवायचं आहे. याचा उपयोग पुढे होणार आहे.

ओळीच्या शेवटी सगळ्या कवितेभर एकच यमक चालतं. गझलेच्या भाषेत, काफिया आहे, यमकानंतर पुन्हा पुन्हा येणारा रदीफ नाही. देवनागरीत अरबीचे निम्मे उच्चार मरतात, म्हणून पठण ऐकणं टाळू नका.

पायरी ४ : गावं, गवतं, झाडं यांवर बोट ठेवा

भाषांतरात स्थळांची नावं आली की आपण घाईने पुढे सरकतो. इम्रुउल कैसच्या पहिल्या ओळीतच सिक्तुल लिवा, दखूल, हौमल अशी रांग आहे. सरकू नका, ओढ तिथेच बसलेली असते. तेराव्या शतकातल्या याकूत अल्-हमवीने स्थळनामांचा प्रचंड कोश केला. तो उघडला की गावाच्या नावाखाली त्या गावासाठी कुणी काय ओळी म्हटल्या, त्याही वाचायला मिळतात.

झाडांचंही तसंच. हिजरतीनंतर, म्हणजे मक्का सोडून मदिनेला आल्यावर, तापाने फणफणलेल्या बिलालने, पैगंबरांच्या सोबत्याने, मक्केची आठवण काढली ती अशी : 'माझ्याभोवती इज्खिर आणि जलील आहे अशा दरीत मी पुन्हा एखादी रात्र काढीन का?' इज्खिर हे सुवासिक गवत, आपल्या गवती चहाच्या कुळातलं. तापात माणसाला देवालय आठवलं नाही, गवताचा वास आठवला.

या ओळीची सुरुवात लिहून ठेवा : 'अला लैत शिअ्री हल् अबीतन्न लैलतन्', अरे, कळेल का मला, मी एखादी रात्र काढीन का. इथला 'शिअ्र' म्हणजे जाणीव. कवितेलाही हाच शब्द, आणि आपला 'शेर' तिथूनच आला. हा ठरलेला सूर आहे. तो लागला की समजायचं, पुढे एका जागेचं आणि एका वनस्पतीचं नाव येणार.

आता मालिक इब्न अर्-रैबकडे या आणि इथे सावकाश बसा. हा तमीम टोळीतला वाटमाऱ्या. खलिफा मुआवियाने सईद इब्न उस्मानला इराणच्या पूर्वेकडच्या खुरासानचा सुभेदार नेमलं तेव्हा सईदने याला बरोबर घेतलं. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात मर्वच्या बाजूला तो मरणाला टेकला. साप चावला असं एक कथा सांगते, आजार झाला असं दुसरी. मरताना त्याने स्वतःचाच शोक केला. सुरुवात त्याच सुराने : 'कळेल का मला, अल्-गदाच्या शेजारी मी एखादी रात्र काढीन का, चपळ उंटिणी हाकत?'

गदा (भीमाची नव्हे) हे वाळवंटी झुडूप. त्याचे निखारे लवकर विझत नाहीत, ही त्याची ख्याती. आपल्याकडे खदिरांगाराची आहे तशी. आता मूळ ओळी समोर घेऊन हा शब्द मोजा. पहिल्या ओळीत एकदा. दुसरीत दोनदा : तांड्याने गदा ओलांडलाच नसता तर, गदाच तांड्याबरोबर रात्री-रात्री चालत आला असता तर. तिसरीत तीनदा : गदाच्या लोकांत भेटीला जाता आलं असतं, गदा जवळ असता तर, पण गदा जवळ नाही. एक, दोन, तीन. तापात माणूस तेच तेच बरळतो, तसं. बरीच भाषांतरं दुसऱ्या-तिसऱ्या वेळी 'ते रान', 'तो प्रदेश' असं करून टाकतात, पुनरुक्ती नको म्हणून. तसं भाषांतर हाती आलं तर पेन्सिलीने खोडून शब्द परत घाला. तिसऱ्या ओळीत भेटीला 'मजार' हा शब्द आहे. त्याच्या लेखी भेट. आपल्या कानाला थडगं ऐकू येतं. त्याच्या मनात नसलेला हा अर्थ मला काही केल्या विसरता येत नाही.

पायरी ५ : वाळवंट सुटल्यावर कवी काय करतात ते पाहा

टोळ्या शहरांत आल्या तरी खुणांवर रडायची रीत चालूच राहिली, आणि मग कुणीतरी टवाळी करणारच. अबू नुवास : 'तो अभागी खुणांपाशी वळून चौकशी करत बसला, मी वळलो ते गावातला गुत्ता कुठे, हे विचारायला.' टवाळी करायलाही रीत अंगात मुरलेली लागते.

नवशिक्याने सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं तर मी मैसूनचं नाव घेईन. कल्ब टोळीतली ही मुलगी मुआवियाशी (खिलाफत ६६१–६८०) लग्न होऊन दमास्कसच्या महालात आली. तिच्या नावावरच्या ओळी म्हणजे सरळ हिशेब आहे, हे त्यापेक्षा बरं, ते यापेक्षा बरं. वारं फडफडतं ती राहुटी उंच महालापेक्षा बरी. जाडाभरडा झगा घालून डोळे निवणं तलम वस्त्रांपेक्षा बरं. अरबीतही डोळे निवतातच. 'तकर्र ऐनी' हा अगदी आपलाच वाक्प्रचार. राहुटीच्या कोपऱ्यात बसून खाल्लेला भाकरीचा तुकडा अख्ख्या भाकरीपेक्षा बरा. रात्री येणाऱ्यांवर भुंकणारा कुत्रा लाडावलेल्या मांजरापेक्षा बरा. शेवटी, चुलतभावांमधला एखादा हडकुळा उमदा पोरगा चारा खाऊन फुगलेल्या दांडग्यापेक्षा बरा. हे कानावर गेल्यावर खलिफाने तिला माहेरी धाडलं, अशी कथा आहे. या नावांवर आणि कथांवर शपथ घेऊ नका. जुन्या कवितेत ओळ एकाची आणि नाव दुसऱ्याचं हे नेहमीचं. झग्याची ओळ मात्र व्याकरणाच्या पुस्तकांतही जाऊन बसली, कारण तिथे एक क्रियापद विचित्र रूपात येतं. माहेरची ओढ शतकानुशतकं व्याकरणाच्या वर्गात घोकली गेली.

मग समुद्रापलीकडचे. ७५०मध्ये खलिफांच्या उमय्या घराण्याची कत्तल झाली, त्यातून निसटलेला अब्द अर्-रहमान ७५६मध्ये स्पेनमधल्या कॉर्दोबाचा अमीर झाला. आजोबांच्या सीरियातल्या रुसाफावरून त्याने आपल्या बागेचं नाव रुसाफा ठेवलं. तिथल्या एका खजुराच्या झाडाला तो म्हणतो : तू परक्या मातीत वाढलीस, आप्तांपासून तुटलीस, माझ्यासारखीच. अरबीत 'नख्ला' स्त्रीलिंगी आहे. मराठीत 'झाड' म्हटलं की ही सखी नपुंसकलिंगी होऊन बसते; मी 'खजुरी' करतो, खटकलं तरी.

पायरी ६ : एक ओळ स्वतः मराठीत आणा

वाचून झाल्याची परीक्षा हीच. इब्न हम्दीस घ्या. सिसिलीत जन्मलेला हा कवी नॉर्मन बेट घेत असताना, १०७८-७९च्या सुमारास, निघाला. सेव्हिलला गेला, ११३३मध्ये वारला, परत काही गेला नाही. त्याची सिसिलीची कविता मुतकारिबात आहे, ओळीच्या प्रत्येक अर्धाचं शेवटचं अक्षर गाळून : 'फ इन् कुन् । तु उख्रिज् । तु मिन् जन् । नतिन्; फ इन्नी । उहद्दि । सु अख्बा । रहा.' दुसऱ्या अर्धात एके ठिकाणी गुरूच्या जागी लघू आहे, ती मुभा अरबीत असते. 'मला स्वर्गातून बाहेर काढलं असलं, तरी मी त्याच्याच वार्ता सांगतो.' मनाच्या श्लोकांचीच चाल, फक्त टोकाला तोडलेली. तेव्हा मी हाव धरली :

जरी स्वर्ग माझा सुटे हातुनी
तयाच्याच वार्ता इथे सांगतो

मापात बसलं, पण 'उख्रिज्तु' गेलं. मूळ माणसाला बाहेर काढलंय, आदमला काढलं तसं; माझ्या ओळीत स्वर्ग आपला आपणच निसटतो. अशा वेळी वृत्त सोडावं की शब्द, हे ज्याने त्याने ठरवावं. मी वहीत दोन्ही ठेवतो, गद्य वर आणि पद्य खाली, आणि काय सांडलं ते समासात.

सगळ्यात जास्त दिवस अडलो ते मालिकच्या आणखी एका ओळीवर. मृताला निरोप देताना अरब म्हणत, 'ला तब्अद', दूर जाऊ नकोस; नष्ट होऊ नकोस, असाही अर्थ त्यात आहे. मालिक म्हणतो : 'दूर जाऊ नकोस म्हणतात, आणि मला पुरतायत, माझ्या या जागेखेरीज दूरची जागा आहे तरी कुठली?' शब्द बसले, पण तो नेहमीचा, अर्थ न बघता तोंडातून निघणारा निरोप मराठीत येईना. मग एकदा गावाहून निघताना चपला घालता घालता मीच म्हणालो, 'येतो.' जाताना आपण जातो म्हणत नाही. समासात सध्या तेवढा एकच शब्द लिहून ठेवलाय. ओळ अजून झालेली नाही.